अठ्ठावन्नवरून अडतीस

प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या भिंतीला ओल आली नसती, तर तलासरीच्या बाजारात ‘पर्सेंटाईल’ हा शब्द शिवीसारखा वापरला गेला नसता. ओल चांगली ऐसपैस होती. एका बाजूनं पाहिलं तर ती थेट गुजरातच्या नकाशासारखी दिसायची, आणि खरी हद्द तिथून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे ती दर पावसाळ्यात थोडी थोडी पुढे सरकते आहे, हे स्टाफरूममध्ये कोणालाच आवडत नसे.

जूनमध्ये बारावी सायन्सच्या पालकांची सभा ठरली तेव्हा प्राचार्य सुषमा मॅडम म्हणाल्या, “त्या भिंतीवर काहीतरी लावून टाका बाई. सुविचार चालेल, देखावा चालेल. हंस तर फारच चालतील.”

“हंस कशाला मॅडम?” विनोद धोडी सर म्हणाले. “आपण आलेख लावू. आपल्या कॉलेजच्या सीईटीचा. गेल्या दहा वर्षांचा.”

विनोद सर गणित शिकवायचे. फिजिक्सची जागा कित्येक वर्षं रिकामी असल्यामुळे फिजिक्सही तेच शिकवायचे, म्हणजे सकाळी गणिताचा खडू आणि दुपारी फिजिक्सचा खडू, हात तोच. मूळचे ते झरीचे. आता डहाणूला मसोलीत फ्लॅट घेऊन राहत होते आणि रोज मोटारसायकलवरून चारोटीमार्गे तलासरीला येत होते. शब्दकोडं ते पेनानं सोडवायचे. रस्ता चुकला तर रस्ता चुकीचा बांधलाय असं म्हणायचे. अशा माणसानं आलेख काढतो म्हटल्यावर मॅडमनी हंसांचा आग्रह सोडला.

इथं एक गोष्ट नीट सांगून ठेवायला हवी, कारण पुढं ती सरांनी निदान शंभर जणांना सांगितली आणि कोणीच ऐकली नाही. इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेशासाठी बारावीला जी सीईटी असते, तिचे आधी मार्क मिळायचे, दोनशेपैकी. २०१९पासून मार्कांऐवजी पर्सेंटाईल मिळायला लागलं, शंभरपैकी. पर्सेंटाईल म्हणजे मार्क नव्हेत. राज्यातली किती टक्के मुलं तुमच्या मागे आहेत, तो आकडा. सरांच्या कॉलेजच्या पोरांची सरासरी जुन्या पद्धतीत बावन्न मार्कांवरून अठ्ठावन्नवर चढली होती. नव्या पद्धतीत ती अडतीस पर्सेंटाईलवरून शेहेचाळीसवर चढली होती. आधीही चढ, नंतरही चढ. मध्ये फक्त मोजपट्टी बदललेली.

सरांनी आलेखाच्या कागदावर दोन वेगवेगळ्या रेषा काढल्या. दोघींच्या मध्ये उभी तुटक रेघ मारली आणि तिच्या बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘येथून मोजपट्टी बदलली. दोन्ही रेषांची तुलना करू नये.’ मग तो कागद टेबलाला टेकवून उभा केला आणि लांब जाऊन पाहिला.

“कसा वाटतो?” त्यांनी बायकोला विचारलं.

“त्यापेक्षा भिंतीला पुट्टी मारा,” निलम म्हणाली.

शेजारच्या पुष्पाकाकू साखर मागायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून कागद निरखला. “रेघा कोण बघतंय हो सर? स्टेशनसमोरचे ते क्लासवाले बघा, पोरांचे फोटो लावतात. हार घालून.”

“हार घातलेला फोटो कसा दिसतो काकू?”

“कसा का दिसेना, माणूस थांबतो तर खरा.”

सरांनी दोघींनाही माफ केलं आणि दुसऱ्या दिवशी कागद चारोटीच्या तुषारभाईकडे दिला.

तुषारभाईचं फ्लेक्सचं दुकान नाक्यावरच होतं. लग्नं, वाढदिवस, दहाव्याचे कार्यक्रम आणि निवडणुका या चारी क्षेत्रांत त्याचा अधिकार होता. आलेख हे त्याच्यासाठी नवीन क्षेत्र. “टेन्शन नका घेऊ सर,” तो म्हणाला, “एकदम मस्त करून देतो ने. आठ बाय चारचा. लांबून माणूस खेचला पाहिजे.”

चार दिवसांनी सर घरी जाताना चारोटीला थांबले तेव्हा त्यानं मोबाईलवर नमुना दाखवला. ऊन तोंडावर होतं, मागून ट्रक हॉर्न देत होते. सरांनी पडदा दोन बोटांनी मोठा केला आणि थेट खालचा उजवा कोपरा गाठला. तिथं ‘संकल्पना : प्रा. विनोद घोडी’ असं छापलं होतं.

“धोडी! ध, धरणातला ध!”

“सॉरी सॉरी. आत्ता बदलतो. बाकी ओके ने?”

“बाकी ओके,” सर म्हणाले. बाकी म्हणजे काय, हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

बाकी म्हणजे असं होतं. तुटक रेघ तुषारभाईला छपाईतली चूक वाटली, म्हणून त्यानं ती काढून टाकली. मध्येच तुटलेल्या दोन रेषा बऱ्या दिसेनात, म्हणून त्या जोडल्या. जोडलेला भाग अठ्ठावन्नवरून अडतीसपर्यंत सरळ खाली आला, तो उठून दिसावा म्हणून लाल केला आणि टोकाला बाण काढला. मोजपट्टीच्या सूचनेची जागा मोकळी पडली, तिथं संस्थेच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो बसवला. अध्यक्ष नेमके त्या लाल बाणाकडे बघून नमस्कार करत होते.

सभेच्या सकाळी शिपायानं फ्लेक्स खिळ्यांवर ताणला आणि ओल नाहीशी झाली. सर वर्गावर होते. ते बाहेर आले तेव्हा फ्लेक्ससमोर ही गर्दी. पुष्पाकाकू म्हणाल्या होत्या माणूस थांबला पाहिजे. माणसं नुसती थांबली नव्हती, एकमेकांना बोलावत होती. सगळ्यांत पुढे सरांचे सख्खे मामा होते, झरीचे बाबल्यामामा. त्यांची नात रूपी यंदा बारावीला होती, आणि वीस पाड्यांत मामांचा शब्द चालायचा. मामांनी अठ्ठावन्नवर बोट ठेवलं, ते लाल रेषेवरून घसरगुंडीसारखं खाली आणलं, अडतीसवर थांबवलं आणि भाच्याकडे पाहिलं.

“काय रं, हा इथं कसा आपटला?”

“आपटला नाही मामा. मोजपट्टी बदलली.”

“मोजपट्टी बदलली म्हणून माणूस बुटका होतो का रं?”

लोक हसले. सरांनी खरं म्हणजे तिथंच फ्लेक्स उतरवायला हवा होता. पण समजावून सांगितलं की माणसाला समजतं, या तत्त्वावर त्यांची एवढी वर्षं नोकरी झाली होती. ते समजावत राहिले आणि मागच्या मागे कोणीतरी फोटो काढला.

संध्याकाळी तो फोटो डहाणूला सरांच्या आधी पोचला. वर मथळा होता : ‘तलासरीत शिक्षणाचा कडेलोट. जबाबदार कोण?’ सर जिना चढून वर आले तर पुष्पाकाकू दारातच टोपलीभर चिकू घेऊन उभ्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “होतं असं कधीकधी. मनाला लावून घेऊ नका.”

“काही झालेलं नाही काकू!”

“तेच म्हणते मी. बरं, तुम्ही नोकरीला लागलात कुठल्या वर्षी?”

“दोन हजार एकोणीस,” सर म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज विरला. लाल बाण त्याच वर्षावर येऊन टेकला होता.

काकूंनी घरातून आणखी दोन चिकू आणून टोपलीत ठेवले.

सरांनी त्यांना बसवलंच. “हे बघा, रेशनच्या रांगेत शंभर माणसं आहेत. तुमच्या मागे अडतीस उभी आहेत. तुमचं पर्सेंटाईल किती?”

“माझ्या पुढं बासष्ट? मग तांदूळ संपतो.”

“तांदळाचा प्रश्न नाही. अडतीस! मागे जितके जास्त, तितकं पर्सेंटाईल जास्त.”

काकूंनी विचार केला. त्या खरोखर विचार करत होत्या, ते चेहऱ्यावर दिसत होतं. “म्हणजे मागे माणसं वाढवली की झालं. मग तुमच्या पोरांच्या मागे अजून पोरं उभी करा की! आमचा भाचा बसतो परीक्षेला, त्याला काही येत नाही.”

निलम आत भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज मध्येच थांबला आणि बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत राहिलं.

पुढच्या आठवड्यात सरांनी हेच चारोटीच्या चहावाल्याला, पेट्रोलपंपावर, केस कापताना आणि एका लग्नाच्या पंगतीत सांगितलं. चहावाल्याला कळलं, पण त्याचं म्हणणं पडलं की मग जुनीच पद्धत बरी होती, निदान मार्क आपले तरी होते. न्हाव्यानं अर्ध्या डोक्यावर वस्तरा थांबवून विचारलं, “म्हणजे दुसरा नापास झाला की आपण वर जातो? हे तर धंद्यासारखंच झालं.” सरांना वाटलं, इतकं नेमकं तर पाठ्यपुस्तकातही दिलेलं नाही. पण न्हावी लगेच म्हणाला, “तरी पण पडलात जोरात,” आणि पुन्हा सगळं मूळपदावर आलं. तुषारभाईनं मात्र मोठेपणा दाखवला. “बाण मी वर करून देतो सर, फुकट. एका मिनिटाचं काम आहे ने.” सर त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

मग मोर्चा निघाला. तलासरीत मोर्चा काढणं अवघड नाही, लोकांना सवय आहे. घोषणा तेवढ्या नव्या लागतात. बाबल्यामामांनी पुढे होऊन ‘अडतीस नाय चालणार, नाय चालणार’ असा आवाज दिला आणि बायाबापड्यांनी तो उचलला. भाचा खिडकीत उभा होता. मामांनी खालून हात केला, “जेवलास का रं?” आणि लगेच पुढची घोषणा दिली.

संस्थेचे अध्यक्ष मोर्चाला सामोरे आले. फोटोत होते तसेच हात जोडून ते म्हणाले, “मी शब्द देतो! आपल्या संस्थेत एकही मूल मागे राहणार नाही. आणि आपलंच कशाला, उभ्या महाराष्ट्रात एकही मूल मागे राहता कामा नये!”

टाळ्या पडल्या. सर मॅडमच्या कानाशी लागले, “मॅडम, मागे कोणीच नसेल तर सगळ्यांचं पर्सेंटाईल शून्य येईल.”

“टाळ्या वाजवा,” मॅडम म्हणाल्या.

गाजावाजा वाढत वाढत वरच्या कार्यालयापर्यंत गेला आणि जुलैत एक मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं. विनोद सरांच्या जिवात जीव आला. साहेब म्हणजे शिकलेला माणूस. त्याला मोजपट्टी कळणारच. सरांनी एक रविवार खर्ची घालून बारा पानांचं स्पष्टीकरण तयार केलं, त्यात रेशनच्या रांगेची आकृती घातली, रांगेतल्या बायकांना पदरसुद्धा काढले. निलमनं ते वाचलं. “मला समजलं,” ती म्हणाली. सरांनी इतक्या प्रेमानं तिच्याकडे लग्नातही पाहिलं नव्हतं. “पण एक विचारू?” ती पुढं म्हणाली. “शेहेचाळीस म्हणजे अजून निम्म्याच्या मागेच आहात ना?”

सर म्हणाले, “चढतोय ना पण.”

“हो. पण मागेच.”

त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. निलमचं काही चुकलं नव्हतं. घसरण खोटी होती, पण शेहेचाळीस खरे होते. एक माणूस दोन विषय ओढतो तेव्हा प्रॅक्टिकलच्या तासाला गणित बुडतं आणि गणित घ्यावं तर लोलक कपाटात राहतात. रूपीसारख्या पोरी झरीहून पहाटे निघून येतात, आणि दुपारी फिजिक्सला सरांचाच आवाज बसलेला असतो. हे त्यांना आलेखात कुठंच दाखवता आलं नव्हतं.

साहेब आले त्या सकाळी सर इस्त्रीचा शर्ट घालून, बारा पानं फाईलमध्ये घालून तयार होते. साहेब फ्लेक्सपुढे उभे असतानाच मॅडमनी सरांना बाजूला ओढलं, थेट प्रयोगशाळेत नेलं आणि दार लोटून घेतलं.

“सर, फाईल मला द्या.”

“मी स्वतः समजावणार आहे.”

“तेच नको आहे. साहेबांनी गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं, फिजिक्सला कोण आहे? मी म्हटलं, कोणीच नाही, गणिताचेच सर घेतात. ते म्हणाले, म्हणूनच हे असं झालं, इतकी घसरण असेल तर जागा तातडीनं भरावी लागेल. सर, मी या जागेसाठी इतकी पत्रं लिहिली की माझी सही बदलली. कोणी उत्तर दिलं नाही. तुमच्या त्या लाल बाणानं एका महिन्यात साहेब आणले!”

“पण मॅडम, बाण खोटा आहे.”

“मग मी काय करू? खऱ्याला कोणी आलं नाही.”

सरांचे कान तापले. मास्तर म्हणून त्यांच्याकडे मिरवण्यासारखं फार काही नव्हतं. शब्दाला शब्द आणि आकड्याला आकडा, एवढंच होतं. आज तेही द्यायचं म्हणजे उद्यापासून तलासरी, डहाणू आणि मधल्या सगळ्या चहाच्या टपऱ्यांवर ते ‘ज्यांच्या काळात कॉलेज आपटलं ते सर’ होणार. त्यांनी लोलकाच्या कपाटाकडे पाहिलं. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्याच खिशात होती, कारण दुसऱ्या कोणाच्या खिशात असायला दुसरं कोणी नव्हतंच.

“मी खोटं बोलणार नाही,” ते म्हणाले.

“बोलू नका. कमी बोला.”

ते बाहेर आले. साहेब अजून बाणाकडेच बघत होते. मामा आणि पालक अर्धवर्तुळात उभे होते, रूपी दप्तर पोटाशी धरून खांबाला टेकली होती.

“आलेख तुम्ही काढलात?” साहेबांनी विचारलं.

“हो.”

“तुम्ही इथं कधीपासून?”

“दोन हजार एकोणीसपासून.”

“आणि त्याच वर्षी आकडा अठ्ठावन्नवरून अडतीसवर आला?”

विनोद सरांनी मनातल्या मनात ते वाक्य उलटसुलट तपासलं. त्यात एकही चूक नव्हती. अठ्ठावन्न होते. अडतीस होते. वर्ष बरोबर होतं. कशाचे अठ्ठावन्न आणि कशाचे अडतीस, हे साहेबांनी विचारलेलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

“हो,” ते म्हणाले. “आकडा आला.”

“प्रामाणिक आहात,” साहेब म्हणाले. “माणसं हे लपवतात. गणिताचा माणूस फिजिक्सला लावल्यावर दुसरं काय होणार!” मग ते पालकांकडे वळले. “शिक्षक मिळेल. मी बघतो.”

मामांनी भाच्याच्या खांद्यावर हात टाकला. “बोललास तं खरं. आता कसं हलकं वाटतं ना?”

सरांना अजिबात हलकं वाटत नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

ऑगस्टमध्ये भावेश माच्छी रुजू झाले. नरपडचा तरतरीत मुलगा, नुकताच एमएस्सी झालेला. पहिल्याच दिवशी त्यानं लोलक बाहेर काढून आंब्याच्या फांदीला टांगले आणि अख्खा वर्ग त्याखाली उभा केला. विनोद सरांनी वर्गातून ते पाहिलं. खिशातली किल्ली गेल्यावर चालणंसुद्धा बदललं होतं. त्या वर्षी त्यांनी बऱ्याच काळानं गणिताचा अभ्यासक्रम जानेवारीत संपवला, आणि नंतर उरलेल्या दिवसांचं काय करायचं ते न कळून पुन्हा पहिल्यापासून घेतला.

पुढच्या जूनमध्ये निकाल लागला. कॉलेजची सरासरी शेहेचाळीसवरून थेट छप्पनवर गेली. रूपीला त्र्याऐंशी मिळाले. मामांनी चारोटीपासून फटाके लावत तिला आणलं, आणि संस्थेनं सत्कार समारंभ ठेवला. सत्कार अर्थात भावेश सरांचा.

मांडवात डहाणूहून पुष्पाकाकूसुद्धा निलमबरोबर आल्या होत्या. अध्यक्ष बोलले, साहेबांचा शुभेच्छा संदेश वाचला गेला. मग बाबल्यामामा माईकपाशी गेले. “माझ्या भाच्यानं पाडलेला आकडा,” ते घसा खाकरून म्हणाले, “या पोरानं खांद्यावर घेऊन वर आणला. पण भाचाबी मोठ्या मनाचा. पाडला तं पाडला, पण नाय नाय म्हणाला नाय!” टाळ्यांचा कडकडाट झाला. काही जणांनी वळून विनोद सरांकडे सहानुभूतीनं पाहिलं. काकूंनी लांबून डोळे मिटून ‘धीर धरा’ अशी खूण केली. आभार मानण्याचं काम विनोद सरांकडे होतं.

भावेश सर शाल सावरत त्यांच्या शेजारी येऊन बसले. मघापासून ते व्हरांड्यातल्या त्या फ्लेक्सकडे बघत होते. हळू आवाजात म्हणाले, “सर, एक विचारू? २०१९ला तर मार्कांचं पर्सेंटाईल झालं ना?”

“झालं.”

“म्हणजे तो लाल भाग असायलाच नको. घसरण झालीच नव्हती.”

विनोद सरांनी वर्षभरात शंभर जणांना समजावलं होतं. आज पहिल्यांदा कोणाला तरी ते आपणहून समजलं होतं, आणि त्यांना त्या पोराला तिथंच मिठी मारावीशी वाटली.

“नव्हती,” ते म्हणाले.

“मग तुम्ही हे सगळं ऐकून का घेताय? मी आत्ता माईकवर सांगतो. दोन मिनिटं लागतील.” भावेश सर शाल काढून उठायला लागले.

विनोद सरांनी त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

“बस,” ते म्हणाले. “केमिस्ट्रीचे सर पुढच्या महिन्यात रिटायर होतायत.”